तुझ्या प्रवेशाची पडताळणी

सुनंदा, तुझ्या तेरवीला आलेल्या निम्म्या लोकांवर माझा विश्वास बसला नाही. बोरसीच्या घरासमोर मांडव घातला होता आणि मी दारातच खुर्ची टाकून बसलो होतो, प्लांटच्या गेटवर पहारेकरी बसतात तसा. कोण कशाला आलंय, कोण खरंच रडतंय, कोण पदराआडून घर न्याहाळतंय, सगळं टिपत होतो. कॅम्पाच्या मजूर वस्तीतल्या तुझ्या बायका तीन ऑटो भरून उतरल्या तेव्हा मनात म्हटलं, आल्या जेवायला. त्यांनी आधी भांडी घासली, मग पंगतीला वाढलं, आणि आपल्या लेकीनं, प्राचीनं, हात धरून बसवलं तेव्हा कुठं शेवटच्या पंगतीला दोन घास खाल्ले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "जेवाले आल्या तं आल्या. तेरवीले लोक जेवालेच येते ना."

तुझ्या नवऱ्याची नोकरीच संशयाची होती. प्लांटच्या पर्सोनेल खात्यात तीसेक वर्षं मी लोकांचे दाखले तपासले. जन्मतारीख, शाळा सोडल्याचा कागद, वारसाचं पत्र. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, तो रडून दाखवील. कागद उजेडात धरायचा आणि शिक्क्यावरून बोट फिरवायचं. ही सवय संध्याकाळी पाच वाजता ऑफिसात ठेवून घरी यायची सोय नव्हती. मुळात ती नोकरीनं लावली की माझ्यातच होती म्हणून नोकरी मानवली, हे मला सांगता येणार नाही. पुलगावला तुला बघायला आलो तेव्हाच मी तुझा शाळेचा दाखला मागून घेतला आणि तुझ्या बाबांना विचारलं, यात जन्माचा महिना खोडून का लिहिलाय. बैठकीत सगळे गार पडले. तू आतून पोह्यांची बशी घेऊन आलीस आणि म्हणालीस, "मास्तरची चूक हाय ती. पाहिजे तं माह्या आईले विचारा, ती होती तिथं."

हा किस्सा तू पुढं आयुष्यभर चारचौघांत सांगितलास आणि दर वेळी माझा तेव्हाचा चेहरा करून दाखवलास. मी चिडायचो. आता तो चेहरा करून दाखवणारं कोणी उरलं नाही, आणि खरं सांगतो, मला त्याची फार आठवण येते.

पण तुझा एक कागद मी कधी उजेडात धरला नाही. तुझी बीएची गुणपत्रिका. बारावीपर्यंत तू मराठीतून शिकलीस आणि वर्गात पहिल्या पाचांत होतीस. लग्न होऊन इकडे हिंदी मुलखात, प्लांटच्या सेक्टर सहाच्या क्वार्टरात आलीस आणि बीए केलंस ते प्रायव्हेट बसून, हिंदीतून. तिसऱ्या वर्षी माझ्या आईचा पाय मोडला, प्राची पोटात होती, आणि पेपरच्या सकाळीही माझा डबा तूच भरलास. त्रेचाळीस टक्के मिळाले. थर्ड डिव्हिजन. तू निकाल दाखवलास तेव्हा मी म्हटलं, "पास झाली ना? झालं तं मग." त्या थर्ड डिव्हिजनमध्ये माझा किती हात आहे हे मला तेव्हाही कळत होतं. तसं मी कधी तोंडानं बोललो नाही.

मग पुष्कळ वर्षांनी आपल्या व्हरांड्यात ते सुरू झालं. आधी आपल्याकडे भांडी घासणारी दुलारी आली, तिच्या नवऱ्याच्या मृत्यूचे कागद घेऊन. नवरा ठेकेदाराकडे मजूर होता आणि तीन ऑफिसं तिला चेंडूसारखी टोलवत होती. तू तिच्याबरोबर गेलीस आणि काम करून आणलंस. तिनं बहिणीला सांगितलं, बहिणीनं शेजारणीला. बघता बघता दुपारी चार वाजता माझ्या स्कूटरला व्हरांड्यात जागा उरेना. मला प्रत्येक बाईचा संशय. ही खरंच विधवा आहे का, हिला नेमकी किती मुलं. मी कुरकुरत त्यांचे कागद बघायचो आणि कुठं सही राहिली, कुठं नावात फरक आहे, ते सांगायचो. तू म्हणायचीस, "असे खडूस लोकच कामाचे असते." तू ऐकायचीस आणि मी चुका काढायचो. आपला संसार सर्वांत चांगला चालला तो त्या व्हरांड्यात, असं मला आता वाटतं.

एका रविवारी चहा पिताना तू म्हणालीस, "मले एमएसडब्ल्यू करायचं आहे."

समाजकार्यातली मास्टर डिग्री म्हणजे काय असतं तेही मला धड ठाऊक नव्हतं. मी कारण विचारलं, "कावून?"

"कावून म्हणजे? काम तं करूनच राहिली ना मी. पण कोणत्याबी ऑफिसात गेली का साहेब विचारते, आप कौन? काय सांगू त्याले, इनके घर की मालकिन? मी खुर्चीवर बसून राहते अन् ज्या बाईचं काम आहे ते उभी राहते. मले तिच्या बाजूनं बोलता आलं पाहिजे. त्याले कागद लागते."

कागद लागते, हे तू मला सांगत होतीस.

पुढचे दोन महिने आपण कॉलेजं धुंडाळली. एका खासगी कॉलेजातला माणूस घरी आला आणि आपण तोंड उघडायच्या आत म्हणाला, "परसेंटेज की चिंता मत कीजिए." तो गेल्यावर मी म्हटलं, ज्याला मार्कांची चिंता नाही त्याला शिकवण्याचीही नसणार. त्या एका बाबतीत आपलं एकमत झालं. शिवाय त्याची फी ऐकून माझा चहा निवला होता. पत्राद्वारे करायचा कोर्स स्वस्त होता, टक्केवारीची अटही नव्हती. मी तो तुझ्यासमोर ठेवला. तू म्हणालीस, "घरी बसूनच तं बीए केली. आता मले वर्गात बसायचं आहे."

मग तूच ते सरकारी कॉलेज शोधून काढलंस. सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर. पदवी पास असली की अर्ज करता येत होता. मार्क, मुलाखत आणि केलेलं काम, तिन्ही मिळून यादी लागायची. फी प्राचीच्या ट्यूशनपेक्षा कमी. एवढ्या स्वस्तात कोण शिकवतं? दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मी तर न पोळताच फुंकत आलो. मान्यता तपासली, दोन ओळखीच्यांना फोन केले, तिथं शिकून गेलेल्या एका मुलीला बाजारात गाठून विचारलं. कुठंच काही गडबड निघेना. मला तेच खटकत होतं.

आणि मग आपलं ते भांडण झालं, जे अजून संपलेलं नाही. अर्जासोबत कामाच्या अनुभवाचा पुरावा जोडायचा होता. व्हरांड्यातल्या कामाचा पुरावा कोण देणार? तू वहीची चार पानं घेतलीस आणि व्हरांड्यात येणाऱ्या बायकांकडून लिहून घेतलंस. कोणाचं कोणतं काम झालं, कुठल्या ऑफिसात, किती खेपांत. जिला लिहिता येत होतं तिनं स्वतः लिहिलं, बाकीच्यांचं दुलारीच्या मुलीनं लिहिलं आणि खाली अंगठे. मी ती पानं बघितली आणि हसलो.

"याले प्रमाणपत्र नाही म्हणत, सुनंदा. लेटरहेड नाही, जावक नंबर नाही, शिक्का नाही."

"शिक्का कोणाचा मारू? लाटण्याचा?"

"कोणीबी म्हणीन, हे घरी बसून लिहिलं."

"घरी बसूनच लिहिलं. काम घरीच होत होतं."

शिवाय तू आणखी एक पान जोडलंस, मार्क कमी का पडले ते सरळ सांगणारं. हिंदी, सासूचा पाय, पोटातलं बाळ, सगळं. मी म्हटलं, विचारल्याशिवाय सांगू नये, आपणहून कमजोरी दाखवणं हा शुद्ध मूर्खपणा. तू पेनाचं टोपण लावत म्हणालीस, "लपवलं तं तुमच्यासारखा कोणी उजेडात धरून पाहीनच ना."

मुलाखत देऊन आलीस आणि थेट स्वयंपाकाला लागलीस. वीस मिनिटं बोलू दिलं म्हणालीस, बस. यादी ठरल्या दिवशी लागली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. यादीला उशीर होतो म्हणजे आत काय शिजतं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आपल्या गावात क्वार्टरपासून कूलरपर्यंत सगळं ओळखीनं हलतं. तुझं नाव कापून कोणाच्या तरी भाचीचं घालत असतील, याची मला खात्री पटली. मंगळवारी मी सुट्टी टाकली आणि तुला ऑफिसला जातो सांगून त्या कॉलेजात गेलो.

सवयीनं प्लांटचं ओळखपत्र गळ्यात होतं. मी ते काढलं नाही. क्लार्कच्या टेबलासमोर उभा राहून ऑफिसातल्या आवाजात म्हटलं, "प्रवेश सूची किसने बनाई है? मूल कागज दिखाइए." तो बिचारा उठून उभा राहिला. त्याला वाटलं चौकशीला व्हिजिलन्सचा माणूस आला. मी त्याला तसं वाटू दिलं. आतून विभागाच्या मॅडम आल्या, चष्म्यावरून बघत. "किस आवेदक के बारे में पूछना है?" मी तुझं नाव सांगितलं, जसं काही फाइलीतलं कुठलंही नाव असावं तसं. त्या एक रजिस्टर पुढं करत होत्या. मी ते बघितलं नाही. माझं काम झालं होतं. मी फक्त एवढंच म्हटलं, "ध्यान रखिएगा," आणि निघालो.

दोन दिवसांनी यादी लागली. तुझं नाव होतं.

तू पेढे घेऊन आलीस. प्राचीनं तुला मिठी मारली. मी पेढा तोंडात टाकला आणि म्हटलं, "पाहा, झालं ना." मला आतून गुदगुल्या होत होत्या. माझ्यामुळं झालं होतं, आणि मी मोठ्या मनानं ते सांगत नव्हतो. तू दोन वर्षं गाड्या बदलत गेलीस, पाय सुजवून घेतलेस, परीक्षेत सत्तर टक्क्यांच्या वर मिळवलेस, जुनवानीच्या संस्थेत समुपदेशक म्हणून लागलीस, आणि तुझी खुर्ची साहेबाच्या टेबलासमोर, जिचं काम असेल त्या बाईच्या खुर्चीला लावून ठेवलीस. हे सगळं बघताना माझी छाती फुगायची. पण मनात कुठंतरी मला वाटायचं की तुझ्या डिग्रीवर खाली एक सही माझी आहे.

पहिली सहामाही संपल्यावर तू पहिल्यांदा विचारलंस. मी स्कूटर पुसत होतो. "तुमी गेले होते का कॉलेजात? मागं, यादीच्या वक्ती?"

मी म्हटलं, "मी? मी कायले जातो?"

चोराच्या मनात चांदणं. माझ्या मनात आलं, हिला शंका आली. स्वतःच्या जोरावर लागले की नाही, अशी. आणि मी ठरवलं की हिला कधी कळू द्यायचं नाही, नाहीतर डिग्रीतली गोडी जाईल. तू मग अधूनमधून विचारत राहिलीस. पदवी मिळाली त्या दुपारी. नोकरीच्या पहिल्या दिवशी, चप्पल घालता घालता. क्वार्टर सोडून बोरसीला आलो तेव्हा, खोक्यांवर बसून आपण दोघं चहा पीत होतो तेव्हा. दर वेळी तुझा आवाज साधाच असायचा. दर वेळी मी नाही म्हणायचो आणि मला तुझी दया यायची. एवढी शिकली, एवढी बोलायला लागली, तरी स्वतःवर हिचा विश्वास नाही, असं वाटायचं. बोरसीला तर मी तुला वर समजावलंही होतं, "आता सोड ना ते. स्वतःवर भरोसा ठेव जरा."

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तू पुन्हा विचारलंस. प्राची औषधं आणायला खाली गेली होती. मी जरा करवादलो. "नाही ना, सुनंदा. किती वेळा विचारशील?" तू म्हणालीस, "बरं," आणि कूस बदललीस.

तेरवीला पटले मॅडम आल्या होत्या. तुझ्या विभागाच्या, त्याच चष्म्यावरून बघणाऱ्या. आता निवृत्त आहेत. त्या गोंदियाच्या, मराठी, हे मला त्या दिवशी कळलं. कॉलेजात आम्ही दोघांनीही मराठी माणसासारखं हिंदीच चालवलं होतं. मला आधी वाटलं, या कशाला आल्या. दहा वर्षांपूर्वीच्या विद्यार्थिनीच्या तेरवीला कोण येतं? त्या माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आले होते आमच्याकडे एकदा. आठवते?"

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला.

"ओळखपत्र होतं गळ्यात. त्यावर आडनाव वाचलं मी, तेव्हाच समजली का हे तिचे मिस्टर. रजिस्टर दाखवत होती तुमाले. यादीवर सोमवारीच सह्या झाल्या होत्या, फक्त टाइप व्हायची राहिली होती. सुनंदाचं नाव पहिलं होतं मुलाखतीत. त्या चार पानांवर आम्ही तिघांनी तिले पूर्ण मार्क दिले. अनुभवाचा तसा कागद मी पुन्हा कधी पाहिला नाही."

मयताच्या घरी लोक गोड बोलतात. मी विचारलं, "ते रजिस्टर अजून असेल का कॉलेजात?"

प्राची मागं उभी होती. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "बाबा, आज तं नका ना. अच्छा नहीं लगता."

मॅडमना राग आला नाही. त्या हसल्या. "असेल. या कधीबी, दाखवायला लावते. पण तुमाले सुनंदानं नाही सांगितलं? मी तं तिले पहिल्या सहामाहीतच सांगितलं होतं, का तुमचे मिस्टर येऊन दम देऊन गेले. पोट धरून हसली ती. म्हणाली, तुमी काही बोलू नका मॅडम, ते स्वतःच सांगतीन मले."

त्या गेल्यावर मी मांडवात तसाच बसून राहिलो. लोक येत होते, नमस्कार करत होते, मी मान हलवत होतो.

तुला माहीत होतं. स्कूटर पुसत होतो तेव्हाच माहीत होतं. तुला कसलीही शंका नव्हती, ना स्वतःवर, ना यादीवर. आयुष्यभर माणसांचे कागद उजेडात धरणाऱ्या मला माझ्याच घरात विचारला जाणारा एक साधा प्रश्न ओळखता आला नाही. तू उत्तर शोधत नव्हतीस. तू मला बोलायला जागा करून देत होतीस, तुझ्या त्या बायकांना द्यायचीस तशी, पुन्हा पुन्हा, न रागावता. व्हरांड्यात तू त्यांच्याजवळ बसून हेच करायचीस. बाई खरं सांगायला दहा खेपा घेते, म्हणायचीस, घेऊ द्यावा तिला वेळ. मला तू दहा वर्षं दिलीस. आणि स्वतःवर भरोसा ठेव असं मी तुला सांगत होतो, तुला, हे आठवलं की मान वर करवत नाही.

त्यानंतर चार दिवस गेले. प्राची काल नागपूरला परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, कॉलेजात जाऊन ते रजिस्टर पाहून याल का? मन हलकं होईल." मी नाही म्हटलं. तुझ्या मॅडम खोटं बोलल्या नसतील, हे मला कळतं. शिवाय रजिस्टरमध्ये तुझं नाव कितव्या नंबरावर आहे एवढंच कळेल, आणि ते तुला आधीच माहीत होतं. तुला जे ऐकायचं होतं ते त्यात लिहिलेलं नाही.

मी ते एवढी वर्षं का दाबून ठेवलं, याचं कारण मी स्वतःला फार चांगलं सांगत आलो. तुझं मन मोडेल म्हणून. तुझ्या डिग्रीची गोडी जाईल म्हणून. हे कागद आता मीच उजेडात धरून बघतोय आणि शिक्का खोटा निघतोय. गेलो होतो हे सांगितलं असतं तर तू लगेच पुढचं विचारलं असतंस, कावून गेले होते? त्या दुसऱ्या प्रश्नाला मी भीत होतो. तू मला तिथपर्यंत आणायला बघत होतीस आणि मी पहिल्याच पायरीवर दर वेळी पाय मागं घेत होतो.

घरात आता कोणी नाही. म्हणून दोन्हीची उत्तरं देतो. गेलो होतो, सुनंदा. तू तुझ्या हिमतीवर लागशील असं मला वाटलं नव्हतं, म्हणून गेलो होतो.